उभं राहिलं की वाढणारी फुलं

मागच्या बैठकीत बचतीचे हिशेब लिहून झाल्यावर आम्ही सगळ्याजणींनी एका मोबाइलवर जपानमधली फुलं पाहिली. खरी नाहीत, उजेडाची.

टोकियोत २००१ साली सुरू झालेला 'टीमलॅब' नावाचा गट आहे. त्यात चित्रकार, इंजिनिअर, प्रोग्रॅम लिहिणारे असे सगळे मिळून काम करतात. अंधाऱ्या खोलीत, भिंतींवर नि जमिनीवर प्रोजेक्टरने ते फुलं उमलवतात. कळी येते, फूल होतं, पाकळ्या गळतात, पुन्हा कळी. वर्षभराची फुलं तासाभरात येऊन जातात. हे सिनेमासारखं आधी तयार केलेलं नसतं. माणूस कुठे आहे ते सेन्सर टिपतात आणि कॉम्प्युटर त्याच क्षणी चित्र काढतो. आपण स्थिर उभं राहिलो तर फुलं वाढत जातात. हात लावला, चालू लागलो, की गळतात.

"मग आपल्या पायाशी काही फुलायची नाहीत. आपण उभ्या राहतो कधी?" एक काकू म्हणाल्या. हसलो सगळ्या, पण खोटं नव्हतं.

आम्हाला जास्त आवडलं ते पुढचंच. ही कल्पना त्यांना खेड्यात सुचली. क्युशू बेटावर कुनिसाकी नावाचा डोंगराळ भाग आहे. वसंतात तिथे डोंगरावर साकुरा आणि पायथ्याशी मोहरीच्या जातीची पिवळी फुलं बहरली होती. यातली माणसांनी लावलेली किती आणि आपोआप आलेली किती, हे त्या कलाकारांना सांगता येईना.

आपल्याकडे तरी कुठे येतं? दसऱ्याचा झेंडू आपण लावतो. पण गेल्या वर्षीचं बी पडून परसात उगवलेला झेंडू कुणाचा? तेरडा रानातला म्हणतात. मग खुरपताना गौरीसाठी तो बांधावर राखतं कोण? बायकाच ना! त्याची मजुरी नाही, कुठल्या वहीत नोंद नाही.

त्या खोलीत वास नाही, मधमाशी नाही, आणि वर तिकीट. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न आम्ही उचलला. खुरपताना आपण काय काय राखतो, त्याची यादी गटाच्या वहीत मागच्या पानावर सुरू केली आहे. तेरडा, आघाडा, टाकळा लिहून झाले. कुर्डू भाजी की तण, यावर अजून भांडण चालू आहे. तुमच्या गटात काय ठरतं, ते कळवा.