वारसा कागदाने आला, न्यायही कागदावर हवा
(मैंदर्गी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



एक प्रश्न दर बैठकीत उठतो. बापजाद्यांची जमीन मुलाला मिळाली, यात अन्याय कसला? आणि सरकारने त्यात हात का घालावा? विचारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. सरकार शेतकऱ्याच्या दारात आले की काहीतरी घेऊनच जाते, हा आपला अनुभव आहे. म्हणून आज या प्रश्नाचेच बोलू.

जमीन कुणाकडे किती, हे नुसत्या कष्टाने ठरलेले नाही. कुणाच्या पणजोबाला इनामाची सनद मिळाली, कुणाचा पणजोबा त्याच रानात कूळ म्हणून राबला. राबण्यात दुसरा कमी नव्हता, कमी होता तो कागद. महार वतनदारांना तर गावकीची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करून तुटपुंजी जमीन, तीही वेठीच्या बेडीसह. ही बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्षात ही वतने खालसा झाली १९५९ साली. एकतीस वर्षे गेली, आणि जमीन परत घ्यायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. हा वारसा देवाने दिला नव्हता, सरकारी दप्तराने दिला होता. जे दप्तराने बिघडवले ते दप्तरानेच दुरुस्त केले पाहिजे.

आता आपलेच बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. आज ज्याला आपण अभिमानाने वडिलोपार्जित म्हणतो, असे कितीतरी सातबारे त्या कायद्यातून आले आहेत. सरकारने तेव्हा हात घातला नसता, तर त्या घरांची मुले आज कुणाच्या बांधावर उभी असती?

मग सरकार करते ते सगळे बरोबर का? मुळीच नाही. शेतजमिनीवर १९६१ च्या कायद्याने कमाल मर्यादा आली, १९७५ ला ती आणखी खाली आली. कोरडवाहूला ५४ एकर. ती आजही आहे. शहरी जमिनीची मर्यादा १९७६ ला आली आणि महाराष्ट्राने ती २००७ ला उठवली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ ला मेलेल्याच्या इस्टेटीवर कर बसला, तो १९८५ ला गेला. संपत्ती कर २०१५ ला गेला. म्हणजे शेतकऱ्याच्या वारशाला मोजपट्टी आणि भूखंडाच्या, बंगल्याच्या, शेअरच्या वारशाला मोकळे रान! आमचा विरोध मोजपट्टीला नाही. ती सगळ्यांना एकच लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे, म्हणून मातीचेही सांगतो. भारी काळ्या रानात परतीचा पाऊस मुरला की त्या ओलीवर रब्बी ज्वारी दाणा भरते. मुरमाड रानात वीतभर मातीखाली मुरूम, ज्वारी पोटरीत येता येताच सुकते. बी तेच, घाम तोच. पण एकाच्या रानात विहीर पडते, त्याचा मुलगा सोलापूरला शिकायला जातो. दुसऱ्याचा कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. पुढच्या पिढीत हे अंतर दुप्पट होते. ते भरून काढायला कुणाची जमीन हिसकावावी लागत नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, आणि तिच्या पैशासाठी व्यवसाय कर बसला. शहरातल्या पगारदाराने भरलेल्या पैशातून खेड्यातल्या मजुराला काम मिळाले. हलक्या रानाला पाणी, त्या घरातल्या मुलांना चांगली शाळा, हाताला काम, हे सरकारकडे मागणे म्हणजे भीक नव्हे.

पण मागायला जाण्याआधी आपला उंबरठा पाहावा लागेल. मैंदर्गी सीमेवरचे गाव. इथल्या लेकी कर्नाटकात नांदतात, तिकडच्या इकडे येतात. १९९४ साली दोन्ही राज्यांनी मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ ला देशाच्या कायद्याने ती अट गेली. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० ला स्पष्ट केले. कायदा झाला, आणि आपण काय केले? बहिणीला रजिस्ट्रार कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली, साडीचोळी केली आणि गाडीत बसवून दिली.

म्हणतात, तिच्या लग्नात खर्च केला. तो पैसा तिच्या नावावर कुठे आहे? आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्शातून कुणी वजा केला?

दुसरी भीती, रानाचे तुकडे पडतील. नाव लागले म्हणजे बांध पडलाच असे नाही. रान एकत्र कसता येते, उत्पन्नात हिस्सा देता येतो, कसणाऱ्या भावाला बहिणीचा हिस्सा योग्य किमतीने, हप्त्याहप्त्याने घेता येतो. तिने मनापासून सोडले तर तिची मर्जी. पण सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि चालू भाव तिला वाचून दाखवलाच पाहिजे.

सनदेने मोठ्या झालेल्यांना आपण विचारतो, तुमचा हक्क कष्टाचा की जन्माचा? हाच प्रश्न आपली बहीण आपल्याला विचारू शकते. तिला उत्तर दिले, तर सरकारपुढे आपला आवाज ताठ निघेल.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरचा सातबारा घेऊन यावे. वडील गेल्यानंतर वारस नोंदीत आईचे नाव आहे का, बहिणींची आहेत का, हे सगळे मिळून पाहू. जिथे नसेल तिथला अर्ज त्याच बैठकीत लिहू.