सभागृहाच्या पायरीवरची मुलं



अमेरिकेच्या सिनेटचं कामकाज दूरचित्रवाणीवर पाहताना आपलं लक्ष बोलणाऱ्या सदस्याकडे असतं. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या पायऱ्यांवर गडद निळ्या कोटातली काही मुलं-मुली बसलेली असतात, त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याबद्दल. त्यांना तिथे ‘पेज’ म्हणतात. ही अकरावीच्या वयाची, देशभरातून आलेली मुलं. एका वेळी फार तर ३०.

सभागृह भरण्याआधी प्रत्येक सदस्याच्या जागेवर कामकाजाचे कागद लावून ठेवायचे. कोणी भाषण करणार असेल, तर त्याच्या मेजावर कागद ठेवण्याचा स्टँड आणून ठेवायचा, पाण्याचा पेला भरायचा. सदस्यानं दुरुस्ती मांडली की तो कागद सचिवांच्या टेबलापर्यंत न्यायचा. हे सगळं शिक्षण सांभाळून. सिनेटची पेजेससाठी वेगळी शाळा आहे आणि ती भल्या पहाटे सव्वासहाला भरते.

ही प्रथा १८२९ची. सिनेटर डॅनियल वेबस्टर यांच्या पुढाकारानं ग्रॅफ्टन हॅन्सन हा नऊ वर्षांचा मुलगा पहिला पेज झाला. दोन वर्षांनी वेबस्टर यांनीच बारा वर्षांच्या आयझॅक बॅसेटला आणलं. हा मुलगा पुढे सिनेटचा कर्मचारी झाला आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. अधिवेशनाची मुदत संपत आली आणि कामं उरली, की म्हातारे बॅसेट लांब काठीनं सभागृहातल्या घड्याळाचे काटे मागे सरकवत. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे सैनिक सिनेटच्या सभागृहातच मुक्कामाला होते. फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस पूर्वी ज्या मेजावर बसत, ते मेज हे सैनिक संगिनींनी फोडू लागले. बॅसेट धावत गेले. हे मेज डेव्हिसचं नाही, सरकारचं आहे, असं सांगून त्यांनी सैनिकांना थांबवलं. डागडुजीच्या खुणा असलेलं ते मेज आजही वापरात आहे. संस्था आणि तिच्यात येऊन गेलेला माणूस यांतला फरक बॅसेटना ऐन रागाच्या क्षणीही दिसला. तीस वर्षं त्या सभागृहात वावरल्याशिवाय ही दृष्टी येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण त्या पायरीवर बसायला मिळालं कोणाला? कृष्णवर्णीय मुलांसाठी ते दार फार काळ जवळपास बंदच होतं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी लॉरेन्स ब्रॅडफर्ड या मुलाची नेमणूक केली, तेव्हा ते दार उघडलं. मुलींना आणखी थांबावं लागलं. मुलींना हे काम झेपेल का, त्यांच्या सुरक्षेचं काय, यावर रीतसर सुनावणी झाली आणि १९७१ च्या मे महिन्यात ठराव करून त्यांना प्रवेश मिळाला. समान संधीचे कायदे करणाऱ्या सभागृहानं आपल्याच पायरीवर ती संधी द्यायला इतका उशीर लावला, याचा मला राग येतो.

याहून काळं पान अमेरिकी संसदेच्या दुसऱ्या सभागृहाचं, प्रतिनिधिगृहाचं आहे. तिथल्या दोन सदस्यांवर १९८३ मध्ये अल्पवयीन पेजेसशी लैंगिक संबंध ठेवल्याबद्दल सभागृहानं निषेधाचा ठराव केला. २००६ मध्ये आणखी एका सदस्याला पेजेसना पाठवलेल्या अश्लील संदेशांपायी राजीनामा द्यावा लागला. सत्तेच्या इतक्या जवळ मुलं ठेवायची, तर त्यांच्या रक्षणाची जबाबदारी मोठ्यांनी निःसंशय उचलली पाहिजे.

२०११ मध्ये प्रतिनिधिगृहानं आपली पेज योजनाच बंद केली. कारण सांगितलं ते खर्चाचं, आणि निरोप आता ईमेलनं जातात याचं. हा निर्णय चुकीचा होता. निरोप पोचवणं हे निमित्त होतं. सोळाव्या वर्षी मतदानाची चुरस हाताच्या अंतरावरून पाहायची, भांडणारे दोन सदस्य थोड्या वेळानं एकाच मसुद्यावर वाकलेले पाहायचे, हे शिक्षण ईमेलनं मिळत नाही. सिनेटनं ते ओळखलं आणि आपली योजना चालू ठेवली.

आपल्याकडे संसदेत शाळकरी पेज नाहीत, पण तरुणांना एक वाट आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था २०१० पासून ‘लॅम्प’ ही पाठ्यवृत्ती चालवते. निवड झालेला पदवीधर एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत काम करतो. प्रश्नोत्तराच्या तासासाठी प्रश्न तयार करणं, विधेयक वाचून टिपण काढणं, भाषणासाठी आकडे शोधणं, ही त्याची कामं. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत. यंदा पदवी घेणारी जी मुलं-मुली इथे बसली आहेत, त्यांनी या पाठ्यवृत्तीसाठी अर्ज करावा. आणि आईवडिलांनो, स्पर्धा परीक्षेचं एक वर्ष जाईल म्हणून त्यांना अडवू नका.