कायदा समितीच्या खोलीत घडतो
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाने मला सांगितले, "गुरुजी, कायदा कसा तयार होतो यावर बोला." विषय ऐकून आपल्यातलेच एक वयस्कर काका म्हणाले, "कायदे दिल्लीत होतत, आमचो काय संबंध?" काकांचा प्रश्न खरा आहे. आज मी त्यालाच उत्तर देणार आहे.

अमुक विधेयक मंजूर झाले, असे आपण बातम्यांत ऐकतो. आपल्याला वाटते, हात वर झाले आणि कायदा झाला. पण तसे नाही. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. तो सभागृहात मांडल्यावर पुष्कळदा समितीकडे जातो. एकाच सभागृहाची असेल ती प्रवर समिती, दोन्ही सभागृहांची मिळून असेल ती संयुक्त समिती. शिवाय १९९३ पासून संसदेत खात्यांशी संबंधित स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्यांना तिथे सदस्य होता येत नाही. सत्ताधारी आणि विरोधक एका टेबलाभोवती बसतात, खात्याच्या सचिवांना बोलावून प्रश्न विचारतात, लोकांकडून लेखी सूचना मागवतात, काहींची साक्ष घेतात. मग एकेक कलम वाचून त्यात काय राहावे, काय जावे हे ठरते. ज्या सदस्याला पटत नाही, तो आपली असहमती लिहून अहवालाला जोडतो. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात हे खरे. पण मसुद्यातला शब्द बदलण्याची खरी जागा हीच.

ही जागा किती महत्त्वाची, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे. महार वतनाचे नाव तुम्ही घरात ऐकले असेल. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची, सरकारची रात्रंदिवस चाकरी. बाप नसेल तर मुलाने जायचे, मुलगा नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी. हा जाच १८७४ च्या वतन कायद्याच्या आधाराने चालला होता. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते प्रवर समितीकडे गेले. आणि समितीतून बाहेर आले तेव्हा काय झालं होतं? त्याला इतकी कात्री लागली होती, की मूळ हेतूच उरला नव्हता. बाबासाहेबांनी १९२९ मध्ये ते मागे घेतले. अर्धवट कायदा पदरात घेण्यापेक्षा लढा चालू ठेवणे त्यांनी पसंत केले. पुढे १९३७ मध्ये त्यांनी वतनाचा प्रश्न पुन्हा मांडला, आणि आपल्या कोकणातल्या खोतीविरुद्धही विधेयक आणले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने आणि कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे १९२८ पासून तीस वर्षे! बंद खोलीत बिघडलेल्या कागदाची किंमत एका पिढीने मोजली.

आता आपल्या भागातलेच दुसरे उदाहरण. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. संसदेचा अधिकार तिला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी खाजगी विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, तरी ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर खोल विचार झाला. त्यांच्या हयातीत ते मंजूर झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती झाली, ती त्याच दिशेने. त्यांचे म्हणणे बरोबर की चूक, यावर आजही वाद आहे. पण समितीत एकदा नीट तपासला गेलेला विचार वाया जात नाही, एवढे यातून कळते.

आणि अलीकडचे पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे दुरुस्ती विधेयक २०१४ मध्ये सामाजिक न्याय खात्याशी संबंधित स्थायी समितीकडे गेले. त्याच वर्षी डिसेंबरात समितीचा अहवाल आला, २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. चपलांची माळ घालणे, सामाजिक बहिष्कार टाकणे हे त्यात स्पष्ट शब्दांत गुन्हे ठरले. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे वेगळे प्रकरणच कायद्यात आले. आपल्या महाराष्ट्रात जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा लोकांकडून बारा हजारांवर हरकती-सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये ते काही बदलांसह मंजूर झाले. विरोध करणाऱ्यांचे समाधान झाले नाही, पण त्यांचे म्हणणे कागदावर नोंदले गेले.

पण एक काळजीची गोष्ट सांगतो. २००९ ते २०१४ च्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयके समित्यांकडे गेली होती. २०१९ ते २०२४ च्या लोकसभेत हे प्रमाण १६ वर आले. जे दार आधीच अरुंद होत चालले आहे, ते उघडे असताना तरी आपण झोपून राहू नये.

मी स्वतः झोपलो होतो. एकदा बाजारातून बांगडे आणले. ज्या कागदात ते बांधले होते, त्यावर एका विधेयकाबद्दल सूचना पाठवण्याची जाहिरात होती. वाचली, तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. विषय आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा होता. आपल्या वाडीतून एक ओळही गेली नाही. चूक कोणाची? माझीच. पेपर मी रोज घेत होतो, पण जाहिरातीचे पान उलटून टाकत होतो.

म्हणून विहार मंडळाला माझी विनंती. दोन शिकलेल्या मुला-मुलींवर हे काम सोपवा. पेपरातल्या आणि इंटरनेटवरच्या अशा सूचना त्यांनी पाहाव्यात, रविवारच्या वंदनेनंतर मसुदा सोप्या भाषेत वाचून दाखवावा. मग पत्र लिहावे. विधेयकाचे नाव, कलमाचा क्रमांक, त्यात अडचण काय, त्याऐवजी कोणते शब्द हवेत आणि आपल्या गावचा अनुभव काय. एवढे पुरे. साक्षीला यायची तयारी असेल तर तेही लिहा. भारी इंग्रजी लागत नाही. जातीच्या दाखल्यासाठी मारलेल्या खेपा, तक्रार नोंदवताना झालेली टाळाटाळ हे ज्या माऊलीने सोसले, तिच्याइतके समितीला दुसरे कोण सांगणार?

काकानू, तुमच्या प्रश्नाचे हे उत्तर. कायदे दिल्लीत होतात, मुंबईत होतात. पण ते लागू होतात आपल्या उंबऱ्यावर. म्हणून ते होत असतानाच आपला कागद तिथे पोहोचला पाहिजे.

 जय भीम! जय भारत!