चंपी आणि सीसॉची फळी



1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक म्हणून, घोड्यांच्या अडथळा-शर्यतीसारखा कुत्र्यांचा एक खेळ दाखवला गेला. त्यातून 'अ‍ॅजिलिटी' हा खेळ वाढला. उड्या, बोगदा, सीसॉ. आमच्या वसतिगृहातल्या मुलांनी तो मोबाइलवर पाहिला आणि अंगणात दगडावर फळी टाकून सीसॉ केला. कुत्री आमची चंपी, दारात वाढलेली.

उड्या तिने हौसेने मारल्या. पण सीसॉची फळी दाणकन आदळली आणि ती पळाली ती थेट लाकडांच्या ढिगामागे. पुढची चूक माझी. पाहुणे यायचे होते, म्हणून मी तिला उचलून पुन्हा फळीवर ठेवले. त्यानंतर ती माझ्या हातची भाकरी घेईना. मुलांच्या हातची घेत होती, हे जास्त लागले.

सहावीतल्या एका मुलीने मला बाजूला केले. तिने दगड काढून फळी जमिनीवर सपाट ठेवली. चंपी आपणहून चढली, तरच सुकटीचा तुकडा. मग मधोमध एक वीट, दोन्ही टोकांखाली गोणपाट, म्हणजे आवाज नाही. फळी हलली की लगेच सुकट. गोणपाटाची रोज एक घडी कमी. चंपी मागे फिरली तर ओरडायचे नाही, त्या दिवशी वीट काढायची.

तीन आठवडे गेले. पाहुणे केव्हाच येऊन गेले होते.

परवा चंपी फळीच्या मध्यावर थबकली, फळी झुकू दिली आणि ठक्क आवाज होऊनही टोकापर्यंत गेली. आज सकाळी तिने माझ्या हातची भाकरी घेतली. अर्धीच.