समुद्राला मोजपट्टी आहे, विहिरीला का नाही?

(कापूस-ज्वारी उत्पादकांच्या न्हावा शेवा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपण बंदर बघून आलो. विदर्भ-मराठवाड्यातली बरीच मंडळी पहिल्यांदाच समुद्र बघत होती. १७० किलोची आपली गाठ इथून बाहेर जाते, आणि परदेशातली गाठ इथूनच आत येते. २६ मे १९८९ ला हे बंदर सुरू झाले. त्याआधी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. धक्क्यावर उभे राहताना पायाखाली कोणाची भातशेती आणि कोणाची मिठागरे होती, एवढे ध्यानात ठेवावे.

पण आज मला वेगळे बोलायचे आहे. तुमच्यापैकी एकाने तिथल्या माणसाला विचारले, ‘एवढे मोठे जहाज गाळात रुतत नाही का?’ तो म्हणाला, ‘भरतीचे कोष्टक असते. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती पाणी, हे वर्षभर आधी छापलेले असते.’ हे कोष्टक कुठून आले? मोजमापातून. मुंबईला अपोलो बंदरावर समुद्राची पातळी १८७८ पासून मोजत आलेले आहेत. समुद्र हातभर वर आला की खाली गेला, याची सव्वाशेहून जास्त वर्षांची नोंद आहे. कारण जहाज अडले तर व्यापाऱ्याचे नुकसान होते.

आता मला सांगा, तुमच्या विहिरीचे पाणी गेल्या वर्षी कोजागिरीला किती परसावर होते? आहे कोणाच्या घरी लिहिलेले? हात वर करा. तीन हात. दोनशे माणसांत तीन.

आपण दुष्काळ अंगावर काढतो, पण तो कागदावर सिद्ध करायची वेळ आली की आपल्याजवळ काही नसते. सरकारजवळ जे असते त्यावर निकाल लागतो.

या सरकारी कागदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६३ साली आपल्या विधिमंडळाने कायदा केला आणि राज्यातल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच काढून टाकला. त्या जागी ‘टंचाई’ आली. शब्द गेला, दुष्काळ गेला नाही. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले आणि लाखो माणसे खडी फोडायला गेली. मोजायची रीत होती इंग्रजांच्या काळातली आणेवारी, पुढे तिचीच पैसेवारी झाली. पीक पन्नास पैशांच्या आत आले की टंचाई. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि अंतिम डिसेंबरात. म्हणजे माणूस मेल्यावर त्याची नाडी बघायची. ऑगस्टात पाते गळाले, ऑक्टोबरात बोंड खुरटले, आणि डिसेंबरात तलाठी सांगणार की बाबा, तुझ्याकडे दुष्काळ होता.

‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि दुष्काळाची नियमावली सुधारा असे केंद्राला सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस नवी नियमावली आली, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. तिच्यात आधी पाऊस बघतात: एकूण तूट किती, आणि तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का. तिथे अडले तर पुढे चार गोष्टी बघतात. पेरा किती झाला, उपग्रहातून शेत किती हिरवे दिसते, जमिनीत ओल किती, आणि चौथे म्हणजे धरण, नदीनाला आणि भूजल यांची पातळी. मग दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी. त्यातून दुष्काळ मध्यम की गंभीर हे ठरते. केंद्राची मदत फक्त गंभीरलाच.

रीत पैसेवारीपेक्षा बरी आहे, हे मी मान्य करतो. निदान ऑक्टोबरात उत्तर मिळते. पण मोजणारे यंत्र कुठे उभे आहे आणि ते काय बघते, यावर सगळे आहे. उपग्रहाला हिरवे दिसते. पऱ्हाटी बोंडावाचून उभी असली तरी हिरवीच असते. बांधावरची बाभूळ आणि गाजरगवतही हिरवे. वरून बघणाऱ्याला वाटते, काय झकास पीक आहे!

पावसाचे बघू. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट, तूट ३६ टक्के. पण हंगाम संपला तेव्हा देशाची बेरीज सरासरीच्या ९४ टक्के भरली. बेरीज वाचणाऱ्याला सहा टक्क्यांची किरकोळ तूट दिसली. ज्याची कपाशी पात्या-फुलावर होती त्याचा हंगाम त्या एका महिन्यात गेला. पिकाला बेरीज कळत नाही, तारीख कळते. रब्बी ज्वारीचे तर आणखी निराळे. मालदांडी उभी राहते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाने भारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर. जूनमध्ये धो-धो कोसळले आणि हस्त कोरडा गेला, तर टक्केवारी शंभर आणि कडब्याची पेंढीसुद्धा नाही.

शास्त्रज्ञांनी यासाठी एक प्रमाणित निर्देशांक काढला आहे. नावाला घाबरू नका. तुमच्या गावाचा तीस-चाळीस वर्षांचा पाऊस मांडायचा, तो साधारण किती वरखाली होतो ते बघायचे, आणि यंदाचा त्या झोक्याच्या किती बाहेर गेला ते आकड्यात सांगायचे. उणे एकच्या खाली गेला तर मध्यम, उणे दीडच्या खाली तीव्र, उणे दोनच्या खाली अतितीव्र. याचा फायदा असा की पनवेलच्या शंभर मिलिमीटर तुटीला आणि जतच्या शंभर मिलिमीटर तुटीला एकच माप लागत नाही. इथे शंभर मिलिमीटर एका दुपारी पडतो. जतला तो गेला तर पेरणी गेली.

पण तीस वर्षांचा आकडा तुमच्या गावाचा नसतो. आज राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. पूर्वी तालुक्याला एक मापक असायचे, त्या मानाने सुधारणा मोठी. तरी मंडळात दहा-वीस गावे येतात आणि वळीव एका शिवारात पडून दुसऱ्याला हुलकावणी देतो, हे मी तुम्हाला काय सांगायचे? २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला १५१ तालुके जाहीर झाले. मग ओरड झाली आणि आणखी २६८ मंडळे घेतली. अट अशी की पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि ७५० मिलिमीटरच्याही आत. २०२३ ला ४० तालुके आणि मागून १०२१ मंडळे. म्हणजे तालुका हे माप तोकडे आहे हे सरकारने दोनदा कबूल केले.

२०१८ ला आमचे मंडळ त्या २६८ मध्ये आले नाही. टक्केवारी ७८. का? जूनमध्ये एका रात्री मंडळाच्या गावी ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. आमचे गाव तिथून चौदा किलोमीटर. आमच्याकडे त्या रात्री भुरभुर. आमच्या शाळेच्या गुरुजींनी वहीत रोजचा पाऊस लिहिला होता, २६ दिवसांचा खंड तारखेनिशी होता. आम्ही वही घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी ती चाळली आणि एकच प्रश्न विचारला, ‘ही कोणी प्रमाणित केली?’ सही नव्हती, शिक्का नव्हता, ग्रामसभेचा ठराव नव्हता. खरी वही बिनकामाची ठरली. जाहीर झालेल्या गावांना शेतसाऱ्यात सूट, सोसायटीच्या कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. आमच्या वाट्याला वसुलीची नोटीस.

विम्यातही तेच झाले. २०२३ मध्ये ‘२१ दिवसांचा खंड’ हा शब्द घराघरात गेला. विसाव्या दिवशी मंडळाच्या गावी एक सर पडली की खंड तुटला, तुमचे रान भेगाळलेले असले तरी. २०२५ च्या खरिपापासून राज्याने तो निकषच काढला आणि सगळे पीककापणी प्रयोगावर आणून ठेवले. म्हणजे पुन्हा गाडी पीक हातचे गेल्यानंतरच्या मोजणीवर.

आता पाण्याच्या दुसऱ्या दोन खुणा. ओढा आणि विहीर.

पाऊस दुष्काळ आठवड्यांत सांगतो, ओढा महिन्यांत, विहीर वर्षात. येताना विहीर शेवटी कळवते आणि जातानाही शेवटी सोडते. २०१४ गेले, २०१५ गेले, आणि लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती एप्रिल २०१६ मध्ये. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या वर्षीच्या पावसात धरण भरले, फोटो छापून आले. पण दोन वर्षे उपसलेला खडक एका पावसात भरत नाही.

आपला महाराष्ट्र ऐंशी टक्क्यांवर काळ्या कातळाचा. या दगडाच्या पोटात जागा थोडी. वरचा मुरमाड थर भरला की विहीर तुडुंब, आणि दिवाळी झाली की उतार सुरू. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जी धार वाहते ती त्याच मुरमातून पाझरलेली असते. म्हणून धार कोणत्या तारखेला तुटली ते लिहून ठेवा. पौषात तुटणारी धार कार्तिकात तुटली तर विहिरीचा उन्हाळा तुम्हाला सहा महिने आधी कळला. हरभरा पेरायचा की रान मोकळे ठेवायचे, ज्वारीचा कडबा विकायचा की राखायचा, हे त्यावरून ठरवता येते. मात्र वर बंधारा असेल तर सावध, बंधाऱ्याचे पाणी मुरून आलेली धार फसवते.

फसवण्याचे मोठे उदाहरण इथलेच. पाताळगंगा नदी उन्हाळ्यातही वाहते. कोणी तिची धार मोजून म्हणेल, इथे पाणीच पाणी. पण ते पाणी लोणावळ्याच्या तलावांचे आहे. इंद्रायणीच्या डोक्यावरचा पाऊस अडवून टाटांनी १९१५ पासून खोपोलीला घाटाखाली सोडला, वीज केली, आणि वीज करून झालेले पाणी पाताळगंगेत आले. न्हावा शेवा पाणीपुरवठा योजना त्यावरच चालते. पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी पश्चिमेला आले आणि या धक्क्यापर्यंत पोचले. सोलापूरकरांनी आज इथे प्यालेल्या पाण्याची चव नीट आठवावी! आणि याच रायगड जिल्ह्यात, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात, मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतात. नदी भरलेली आणि वाडी तहानलेली. म्हणून नुसते एक माप बघून चालत नाही. पाऊस, ओढा, विहीर तिन्ही एका पानावर पाहिजेत.

विहिरीचे काम राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा करते. तिच्या निरीक्षण विहिरी ३९०० च्या आसपास आणि गावे चाळीस हजारांवर. दहा गावांना एकसुद्धा पुरती येत नाही. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर असे चारदा मोजतात. काम चांगले आहे, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण टंचाईचा अंदाज काढताना ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात, तिथे गोम आहे. समजा पाणी दरवर्षी मीटरभर खाली गेले: तीन, चार, पाच, सहा, सात मीटर. सरासरी पाच. यंदा साडेपाच मीटरवर आहे. कागद म्हणणार, घट फक्त अर्धा मीटर, चिंता नाही. तीन मीटरवरचे पाणी कुठे गेले हे त्या सरासरीला विचारताच येत नाही. पाच वर्षे वाईट गेली की वाईट हीच सरासरी होते.

म्हणून गावाची वही. पावसासाठी बूड आणि तोंड सारखे असलेला सरळ उभा पत्र्याचा डबा चालतो. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजायचा. पट्टीवर जितके मिलिमीटर तितका पाऊस, डबा लहान असो की मोठा. एक मिलिमीटर म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी, हा हिशोब पोरांना शिकवा. ओढ्याला पुलाच्या खांबावर रंगाने फूटपट्टी. विहिरी तीन निवडा: एक माथ्याची, एक मधली, एक ओढ्याकाठची. कठड्यावर छिन्नीने खूण करा आणि नेहमी तिथूनच खाली मोजा. पंप रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजा, नाहीतर उपसा मोजाल, पाणी नाही. बोअर त्यात धरू नका, ते खालचे पाणी दाखवते आणि वरची विहीर आटल्याचे लपवते.

हे काम बायाबापड्यांकडे द्या असे मी म्हणेन. पाणी किती पोहरे खाली गेले हे त्यांना न मोजता ठाऊक असते, पुरुष पंपाचे बटण दाबून मोकळा होतो.

आणि गुरुजींच्या वहीचे झाले तसे होऊ देऊ नका. १ जूनच्या आत ग्रामसभेत ठराव घ्या की ही गावाची अधिकृत पर्जन्य व पाणी नोंदवही. महिन्याच्या शेवटी सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि तलाठी यांच्या सह्या. तलाठी सही करीत नसेल तर प्रत टपालाने कचेरीत पाठवा आणि पोच जपून ठेवा. पैसेवारीची समिती गावात आली की वही समोर ठेवा, पाहणीच्या दहा टक्क्यांत गाव आले तर पाच शेते दाखवताना वही हातात ठेवा.

दारात दोन टेबलांवर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. गावाला एक. नेताना गावाचे नाव, मंडळाचे नाव आणि मंडळाचे मापक गावापासून किती किलोमीटरवर आहे, एवढे पहिल्या पानावर इथेच लिहा.