दीवची ‘खुकरी’ आणि आपला मोकळा कोपरा
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषण)



मोकळ्या कोपऱ्यात पार्किंग की बाग, हा विषय आज आहेच. त्याआधी दीवबद्दल सांगतो. आपण बारामती-इंदापूरची माणसं, भिगवणचं उजनीचं पाणी हाच आपला समुद्र! दीव हे लहानसं गाव, पण तिथं समुद्राकडे तोंड करून ‘आयएनएस खुकरी’चं स्मारक उभं आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं टॉर्पेडो मारून ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, त्यांचं नाव पुस्तकात आहे. बाकीच्या 193 जणांपैकी एक तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

बँकेत दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला फौजींच्या विधवा यायच्या. काउंटरवर आम्ही त्यांना खातेक्रमांकानं ओळखायचो.

म्हणून सूचना अशी, की बागच करावी आणि तिथं आपल्या दोन तालुक्यांतल्या शहीद जवानांच्या नावांचा एक साधा दगड बसवावा. हुद्दा न बघता, शिपायाचंही नाव घ्यावं. यादी तहसील कचेरीतून आणि गावोगावच्या माजी सैनिकांकडून मिळवू, ते काम मी घेतो. दोन गाड्यांची जागा जाईल, हे खरं. त्यातली एक माझी समजा.