परत परत येणाऱ्या उतारूंना काय हवे असते?
(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. चारचौघींसमोर उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्याच्या सभेत, मंडळ निघाल्यापासून सभासद असलेल्या अकरा जणींना मंडळातर्फे काय द्यावे, यावर बराच वाद झाला. कोणी शाल म्हणाले, कोणी स्टीलचा डबा, कोणी नाव कोरलेले तबक. मी मागे बसून म्हटले, "आधी त्यांना काय हवे ते तरी विचारा." त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचे यजमान क्रूझवर आहेत. तिथे जुन्या उतारूंना काय काय देतात म्हणे. ते वर्धापनदिनाला सांगा." मी हसण्यावारी नेले, पण त्यांनी पत्रिकेत माझे नाव छापूनच टाकले!

आमचे हे एकोणीस वर्षे क्रूझवर आहेत. क्रूझ म्हणजे सफरीची बोट. उतारू चढतात, सात-दहा दिवस बंदरे बघतात, खातात-पितात आणि बहुधा निघाले त्याच बंदरात उतरतात. आमच्या सासूबाईंना हे अजून पटत नाही. त्या लहानपणी वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईस गेल्या, त्या डेकवर वळकटी पसरून. "जिथून निघाले तिथेच उतरायचे, तर निघायचे कशाला?" असे त्या दर रजेत मुलाला विचारतात.

हे पहिली दोन वर्षे बोटीच्या धुलाईखात्यात होते. नंतर केबिन स्टुअर्ड झाले. म्हणजे आपल्या वाट्याच्या खोल्या सकाळ-संध्याकाळ झाडायच्या, बिछाने घालायचे, टॉवेलाचे हत्ती-माकडे करून पलंगावर ठेवायची. करार सात-आठ महिन्यांचा. त्यात रविवार नाही की सण नाही. मग दोन महिने घर. कंपनीचे नाव मी सांगत नाही, त्याची जरूरही नाही.

आता मुद्द्याचे. तुम्ही किती दिवस किंवा रात्री बोटीवर काढल्या याचा हिशेब बऱ्याच कंपन्या ठेवतात आणि त्यावरून तुमची पायरी ठरते. माझ्या मुलीने मोबाइलवरून नियम वाचून मला समजावून दिले. रॉयल कॅरिबियन कंपनीत रात्रीला एक गुण. ३ गुणांना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. ७०० रात्री म्हणजे दोन वर्षांना थोड्याच कमी! आपल्यापैकी कितीजणी माहेरी एवढ्या रात्री राहिल्या असतील लग्नानंतर? आणखी एक नियम आहे. माणूस एकटाच असून त्याने खोलीचे दोघांचे भाडे भरले, तर त्याला रात्रीचे दोन गुण मिळतात. हा नियम लक्षात ठेवा, मी पुढे त्याच्याकडे येणार आहे.

वरच्या पायरीला देतात तरी काय? याची यादी लांबलचक आहे. बिल्ला, पिशवी, कप्तानाबरोबर मेजवानी, दुकानात सवलत, मालिश करून घेण्यात सवलत. हॉलंड अमेरिका कंपनीत तर पुष्कळ दिवस भरले की कप्तानाच्या हस्ते पदक देतात. पण हे सांगतात, सफर संपून खोली झाडायला घेतली की बिल्ले नि सवलतीची कुपने कचऱ्याच्या डब्यात सापडतात. पेय फुकट मिळते त्याची मात्र पिणारे आठवण ठेवतात. रॉयल कॅरिबियनमध्ये डायमंडला दिवसाला चार, डायमंड प्लसला पाच आणि पिनॅकलला सहा. ज्यांना प्यायचे नाही, त्यांना त्याचे काय?

भगिनींनो, जुने उतारू ज्याच्यासाठी खरोखर जीव टाकतात, ती गोष्ट ऐकून तुम्हाला हसू येईल. ती म्हणजे फुकट कपडे धुऊन मिळणे! मी प्रथम ऐकले तेव्हा मला खरे वाटेना. हजारो डॉलर खर्चून समुद्रावर जायचे आणि आनंद कशाचा, तर धुतलेल्या गंजिफ्रॉकाचा! पण ह्यांनी समजावून दिले. बोटीवर पैसे देऊन कपडे धुवायला टाकले तर एकेका कपड्याचे दर फार असतात. म्हणून नवीन उतारू काय करतात? न्हाणीघरात एक बारीकशी दोरी असते, या भिंतीतून ओढून त्या भिंतीला अडकवायची. हे खोली उघडतात तेव्हा तिच्यावर मोजे नि आतले कपडे लोंबत असतात. आणि ते पिळून घातलेले असतात बाईनेच, नवऱ्याने नव्हे. म्हणजे सफरीवर जाऊनही तिचे धुणे काही सुटले नाही.

तेच वरची पायरी गाठली की पिशवी भरून दाराशी ठेवायची. कपडे धुऊन, घड्या घालून परत. हॉलंड अमेरिकेत २०० दिवस भरले की धुलाई आणि इस्त्री दोन्ही फुकट. कार्निव्हल कंपनीत दिवस मोजण्याची पद्धत होती, तीत ७५ दिवसांना ठरावीक पिशव्या आणि २०० दिवसांना हव्या तितक्या. म्हाताऱ्या माणसांना याचा मोठा फायदा असा, की सामान निम्म्याने कमी होते. जड बॅग उचलवत नाही, दोन आठवड्यांना चार जोड पुरतात. शेवटच्या दिवसाआधीची पिशवी तर कोणी चुकवत नाही. कारण मग घरी पोचल्यावर बॅग उघडून तशीच कपाटात रिकामी करायची. प्रवासाहून आल्यावर धुण्याचा ढीग कोणासमोर पडतो, हे मी तुम्हाला काय सांगू!

कंपनीलाही यात फारसे जड नाही. चादरी-टॉवेलांसाठी खाली यंत्रे रात्रंदिवस चालूच असतात. कष्ट होतात ते खाली घड्या घालणाऱ्याच्या हातांना. ह्यांनी दोन वर्षे तिथे काढली, त्या उकाड्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत.

दुसरी हवीशी गोष्ट म्हणजे रांगेत उभे राहावे न लागणे. चढताना वेगळी वाट, आणि जिथे धक्का नाही तिथे छोट्या होडीने काठाला नेतात, त्या होडीत आधी जागा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे शॅम्पेनपेक्षा मोलाचे. मात्र एका सफरीत वरच्या पायरीचेच लोक इतके झाले होते, की त्यांची रांग साध्या उतारूंपेक्षा लांब झाली! त्या दिवशी बरीच तोंडे फुगली होती म्हणे.

तिसरी गोष्ट सकाळच्या कॉफीची खोली. वरच्या पायरीवाल्यांना एक बैठकीची खोली राखलेली असते. कॉफी काही निराळी नसते. पण तिथे तीच तीच माणसे वर्षानुवर्षे भेटतात. यंदा अमुक दिसला नाही, तर तो गेला का, अशी चौकशी होते. आपल्या भजनाच्या बायकांसारखेच.

२०२५ च्या जूनमध्ये कार्निव्हलने जाहीर केले, की २०२६ पासून दिवस न मोजता उतारूने केलेला खर्च मोजू, आणि पायरी दोन-दोन वर्षांनी पुन्हा कमवावी लागेल. तेव्हा ह्यांच्या बोटीवर, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या बोटीवरसुद्धा, जुन्या लोकांत त्याचीच चर्चा होती. एक आजोबा ह्यांना म्हणाले, की एवढी वर्षे मी आलो ते मोजत होते, आता माझे पाकीट मोजणार. मला विचाराल तर त्यांचा राग बरोबर होता.

आता त्या दोन गुणांच्या नियमाकडे येते. एक वयस्कर बाई नवऱ्याबरोबर ह्यांच्या बोटीवर दरवर्षी यायच्या. एका वर्षी एकट्याच आल्या. नवरा गेला होता. भाडे दोघांचे भरलेले, म्हणून गुण दुप्पट. एकटी झाल्यावर पायऱ्या भराभर चढल्या. ह्यांना वाटले, बाल्कनीतली दुसरी खुर्ची पाहून त्यांना वाईट वाटेल, म्हणून ती आधीच काढून ठेवली. बाईंनी आल्या आल्या विचारले, "खुर्ची कुठे गेली?" ह्यांनी निमूटपणे परत आणून ठेवली. तेव्हापासून त्या येणार असे यादीत दिसले, की हे दोन्ही खुर्च्या पुसून शेजारी शेजारी ठेवतात आणि संध्याकाळी दूध न घातलेला, लिंबाची फोड दिलेला चहा नेऊन देतात. त्यांना कप्तानाने दिलेले पदक त्यांनी ह्यांच्या हातात ठेवले, "तुझ्या मुलीला खेळायला दे" म्हणून. पुष्कळ दिवस ते आमच्या मुलीच्या बाहुलीच्या गळ्यात होते. पुढच्या सफरीचे पैसे भरताना मात्र त्या आधी विचारतात, की हा स्टुअर्ड त्या महिन्यात बोटीवर आहे ना?

हे मी ऐकले तेव्हा मला अभिमान वाटला. पण पुढचे सांगितले नाही तर माझे बोलणे अर्धवट राहील.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे क्रूझ बंद पडल्या. हे कित्येक आठवडे रिकाम्या बोटीवर अडकून होते. मग घरी आले ते दीड वर्ष घरीच होते. पैशाची ओढ होती, तरी लग्नानंतर आम्ही एवढे सलग कधी राहिलोच नव्हतो. २०२१ च्या गणपतीनंतर पुन्हा बोलावणे आले. त्याच दिवाळीत मला मधुमेह निघाला. मी फोनवर सांगितले. ते "जप हो" म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात रजेवर आले. दुसऱ्या दिवशी पहाटे हौसेने उठून त्यांनी स्वतः चहा केला आणि माझ्यापुढे कप ठेवला. त्यात दोन चमचे साखर!

मी काही बोलले नाही. चहा प्याले. मग रिकामा कप धुताना तोंडातून निघून गेले, "त्या बाईंच्या चहात लिंबू असते हे लक्षात राहते, नाही का?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग बॅगेतून एक छोटी वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर एक खोली. अमक्याला दोन उशा, तमक्याला बर्फ नको, हिला लिंबाचा चहा, ह्याच्या मुलाचे नाव अमुक. म्हणाले, "माझ्या काही लक्षात राहत नाही गं. लिहून ठेवतो. पोट त्याच्यावर आहे." भगिनींनो, त्या लोकांना वाटते की हा आपल्याला ओळखतो. ते खोटेही नाही. पण त्यासाठी एक माणूस रात्री निजण्यापूर्वी वही उघडून बसतो. मला रडू आले, ते रागाचे की कशाचे, हे अजून सांगता येत नाही. मी वहीचे कोरे पान उघडून पेन त्यांच्या हातात दिले. त्यांनी माझे नाव लिहिले आणि खाली लिहिले, "चहा बिनसाखरेचा." पुढे काय लिहावे ते त्यांना सुचेना. मग मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मुलीची इयत्तासुद्धा त्या पानावर आहे.

आता आपल्या अकरा जणींबद्दल. मी त्यातल्या चौघींना घरी जाऊन विचारले. एक म्हणाल्या, "मला काही नको, कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी बॅटरी घेऊन घरापर्यंत सोडा." दुसऱ्या म्हणाल्या, "सतरंजीवर बसवत नाही, खुर्ची द्या. पण मागे एकटी नको, सगळ्यांत ठेवा." तिसऱ्या शाल घेईन म्हणाल्या; तर त्यांना शाल द्यावी. चौथ्या काही बोलल्या नाहीत, नुसते आपले हात बघत बसल्या. मग मला आठवले, की पंचवीस वर्षे हळदीकुंकवानंतरची भांडी त्या आणि त्यांच्या बरोबरीच्या दोघी-तिघीच घासत आल्या आहेत. आज भांडी घासायला मी आणि माझी मुलगी आहोत. आणखी चौघींनी नावे दिली तर बरे होईल. त्या अकरा जणींपैकी कोणी मोरीपाशी दिसली, तर तिला हाताला धरून परत आणून बसवा.

चहा तयार आहे. बिनसाखरेची किटली डाव्या हाताला ठेवली आहे, तिला निळा दोरा बांधला आहे. माझे बोलणे संपले.